वीसची साखळी

आरसा फुटला तेव्हा देवसिंग आडे यांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी फुटला. आवाज अगदी कोपराशी झाला तरी नुकसान शेजारच्याचं असावं, ही माणसाची पहिली समजूत. मग त्यांनी पाहिलं. साडूकडून मागून आणलेल्या स्कूटीचा उजवा आरसा देठासकट वाकून लोंबत होता. त्याला चिकटून ऑटो, ऑटोला चिकटून कापसाचा ट्रक, डावीकडे दारव्ह्याहून आलेली एसटी, आणि या सगळ्यांना एकाच वेळी नाल्यावरच्या जुन्या पुलावर चढायचं होतं. मागे रस्ता चांगला चौपदरी होता, जाण्याचे दोन पदर, येण्याचे दोन, मधे दुभाजक. पुलावर मात्र जाण्याचा एक आणि येण्याचा एक. दोनाचा एक होण्याची ही जागा, आणि तिथे एक व्हायला कुणीच तयार नव्हतं.

“मनावर नका घेऊ काकाजी,” ऑटोवाला मान बाहेर काढून म्हणाला. “आडेच्या नरड्यात असंच होते.”

“कशात?”

“आडेच्या नरड्यात. ह्या जागेचं नावच हाय ना जी ते. बाहेरगावचे दिसता तुमी.”

“आडे कोण?”

“आता काय मालूम! सगळे आडवे घुसते, म्हून म्हनत असन आडे.” मागे मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेली बाई खुदकन हसली. ऑटोवाल्याला तेवढ्याने हुरूप आला. “हटा ना मंग जराक. मले जास्त नाही, एका चाकाची जागा पाह्यजे.” आणि एका चाकाची जागा मागून तीन चाकं घालून तो गेलाही.

देवसिंग पाय टेकून उभे राहिले. मागून हॉर्न वाजत होते, ते आपल्यासाठी आहेत हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, उपअभियंता होऊन निवृत्त झाले, आणि एवढ्या नोकरीत त्यांचं नाव एकाही कोनशिलेवर लागलं नाही. कोनशिलेवर पाहुण्यांची नावं असतात. याची त्यांना खंत होती. चारचौघांत ते ती हसून सांगायचे. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर, मुलाच्या घरी, सूनबाईच्या माहेरच्यांनाही सांगून झाली होती. आणि इथे यवतमाळात त्यांचं नाव लागलेलं होतं, रोज हजार तोंडांनी घेतलं जात होतं, शिवी दिल्यासारखं. आणि वर त्याचा अर्थही कुणाला माहीत नव्हता. अर्थ माहीत नाही म्हणून त्यांना किंचित सुटल्यासारखं झालं. सुटल्यासारखं झालं हे कळलं तेव्हा मात्र आरसा फुटल्याचा आवाज त्यांना पुन्हा एकदा ऐकू आला, या खेपेला छातीत.

ते आले होते निशिगंधाच्या फोनमुळे. “काका, मी बळीरामची निशिगंधा बोलून राह्यली,” असा तो फोन होता. बळीरामची, म्हणजे बळीराम मुनेश्वरची. मोजणीच्या कामात वीस वर्षं ज्यानं त्यांच्याबरोबर साखळी धरली त्याची मुलगी. तीच आता त्याच खात्यात कनिष्ठ अभियंता होती आणि हाच तुकडा सुधारायचं काम तिच्याकडे आलं होतं. “तुमची आखणी आहे. एकदा जागेवर येऊन सांगून जा. बाबा असते तर त्यालेच विचारलं असतं.” बळीराम जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हा देवसिंग गुडघ्याचं कारण सांगून पुण्यालाच राहिले होते. गुडघा दुखत होता हे खरं. पण दुखरा गुडघा ज्या दिवशी उपयोगी पडला त्या दिवशी तो जरा जास्तच दुखला.

ती पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला, एका उखडलेल्या ओट्यावर फाइल घेऊन बसली होती. डोक्याला स्कार्फ, पायात बूट, बापासारखंच रुंद कपाळ. वाकून नमस्कार करू नकोस म्हणायच्या आत ती वाकली होती.

“आरसा काय झाला काका?”

“गेला.”

“मंग तुमी आता यवतमाळकर झाले. इथं आरसा न फुटलेली गाडी म्हणजे शोरूममधली.” ती सरकून बसली. “बसा. अर्धा तास नुसतं पाहू. बाबा म्हणे, रस्ता आधी बसून पाहावा, मंग उभं राहून, अन् मोजावा सगळ्यात शेवटी.”

ओटा ओळखून देवसिंग उभेच राहिले. हा फुलचंदच्या हॉटेलचा ओटा. पत्रे गेले होते, भट्टी गेली होती, भिंत कमरेपर्यंत उरली होती. फुलचंद त्यांच्याच तांड्याकडचा. दुधाच्या चहावर जाड साय घालून द्यायचा आणि ‘साहेब भिया’ म्हणायचा. भिया म्हणजे भाऊ. ऑफिसात ‘साहेब’ म्हणणारे पुष्कळ होते आणि तांड्यावर ‘भिया’ म्हणणारे पुष्कळ; दोन्ही एका दमात म्हणणारा हा एकच. सत्तावीस वर्षांपूर्वी आखणी करायची तेव्हा चुन्याची रेघ नेमकी या भट्टीवरून जात होती. फुलचंद काही बोलला नाही. रडला नाही, कुणाची चिठ्ठी आणली नाही. नेहमीसारखा चहा आणून ठेवला आणि भट्टीवर हात शेकत उभा राहिला. तो काही मागता तर देवसिंगांनी त्याला नियम सांगितला असता, नियम सांगायला त्यांना आवडायचं. त्यानं काहीच मागितलं नाही, आणि न मागता देण्यात जो एक मोठेपणा आहे तो साहेब भियांना त्या सकाळी फार गोड लागला. नकाशात रस्ता निमुळता होत जाण्यासाठी तीन साखळ्या अंतर होतं. तीस मीटरची साखळी, म्हणजे नव्वद मीटर. भट्टी पुलाकडच्या तिसऱ्या साखळीत येत होती; दोनांतच निमुळतं संपवलं की ती वाचत होती.

“दोनच घे,” ते बळीरामला म्हणाले होते.

“साहेब, नकाशात तीन आहेत.”

“मला दिसतो नकाशा.”

बळीराम साखळीचं टोक हातात धरून तसाच उभा राहिला. तो हुज्जत घालणारा माणूस नव्हता. त्याला जे खटकायचं ते तो रस्त्याकडे पाहून बोलायचा. “एवढ्यात माणूस माणसाकडं पाहत नाही साहेब,” तो रस्त्याला म्हणाला. “पाह्यलं तर वाट देते. पाहाले जागा लागते.” देवसिंगांना ते वाक्य तेव्हा अडाणी वाटलं होतं. वेग, अंतर, कोन यांचं त्यांच्याकडे पुस्तक होतं. पुस्तकात पाहणं नव्हतं.

आता ओट्यावर बसून त्यांनी पाहिलं तर पुस्तकापेक्षा बळीरामचंच सगळं चाललं होतं. डावा पदर पुढे संपतो हे नेहमीच्या लोकांना पाठ होतं, म्हणून ते दोनशे पावलं आधीच उजव्यात घुसून रांग लावत होते. डावा अर्धा रस्ता मोकळा पडला होता. त्या मोकळ्यातून कुणी सरळ पुढे आला की रांगेतले त्याच्याकडे चोर शिरल्यासारखं पाहायचे, आणि तो खरोखरच चोरासारखा, मान खाली घालून, चाक आधी घालायचा. मग त्याला धडा शिकवायला रांगेतली बोलेरो आपलं नाक पुढच्याच्या बंपरला टेकवून उभी राहायची. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे एकमेकांच्या चाकाकडे बघत होते. जुन्या सवयीनं देवसिंग मनात चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत गेले. अर्ध्या तासात वाट देणारे सात निघाले. त्यांत दोन नवशिके होते, एकीच्या स्कूटीवर मागे सासू होती, एकाचं इंजिन बंद पडलं होतं. उरलेले तीन खरे. गाडी जितकी मोठी तितका तिचा मालक घाईत होता. सर्वांत निवांत होती ती कापसाची बैलबंडी, कारण तिला घाबरून एसटीसुद्धा थांबत होती.

“पाह्यलं?” निशिगंधा म्हणाली. “मी काय म्हणते, दोन्ही पदर पार शेवटपर्यंत भरू द्यायचे. आधी घुसायचं नाही. अन् शेवटी एकाआड एक. एक याचा, एक त्याचा. मंग कोणी चोर नाही अन् कोणी शहाणा नाही. पण त्याले हे निमुळतं लांब पाह्यजे, नव्वद तरी. साठमध्ये नाही होत ते.”

“नाही होत,” देवसिंग म्हणाले.

“नव्वदच होतं काका. नकाशात नव्वद आहे.” तिनं फाइल उघडली. “बाबाच्या हातून झालं ते. तुमाले माहीतच आहे. वीसची साखळी धरून तीन वेळा टाकली. तीन विसा साठ.”

तीन विसा साठ. दोन तीसा साठ. हे गणित देवसिंगांना एका दुपारी, मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभं असताना सुचलं होतं. इतकं बरोबर, इतकं गुळगुळीत, की सुचल्यावर त्यांना क्षणभर आनंदच झाला होता. रस्ता सुरू होऊन महिना झाला होता, पुलाशी रोज खोळंबा, वर तक्रार गेली होती. अंतर कमी का भरतंय, असं साहेबांनी विचारलं. देवसिंग एवढंच म्हणाले, “वीसची साखळी गेली वाटतं, साहेब.” ‘गेली’ म्हणाले, ‘नेली’ नाही म्हणाले. वर ‘वाटतं’ लावलं. खोटं बोललो असं त्या वाक्यावर बोट ठेवून कुणालाही दाखवता आलं नसतं. संध्याकाळी त्यांनी बळीरामला गाठलं. बळीरामला रोजंदारीवरून कायम करायची शिफारस कधीकाळी त्यांनीच केली होती, आणि हे त्यांनी त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळीही नाही. दाखवावं लागलं नाही. “सध्या तू अंगावर घे. वर्षाच्या आत सेवापुस्तकातला शेरा काढून टाकतो.” बळीरामनं बराच वेळ चपलेनं माती सारखी केली. “तुमी म्हणता तर घेतो साहेब,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी चौकशीत विचारलं तेव्हा म्हणाला, “हो जी. वीसची होती. माह्या ध्यानात नाही आलं.”

हा बळीराम डोळे मिटून हातावर साखळी घ्यायचा आणि नुसत्या वजनावरून वीसची की तीसची ते सांगायचा. नवीन पोरं आली की देवसिंग स्वतः त्याला हा खेळ करून दाखवायला लावायचे. चौकशीच्या टेबलाभोवती बसलेल्या चौघांपैकी दोघांनी तो खेळ पाहिला होता. तेही काही बोलले नाहीत. बळीरामची मारेगावला बदली झाली, तिथे गोदामात फावडी-घमेली मोजून देण्यावर बसवला, आणि पुन्हा साखळी म्हणून त्याच्या हातात कुणी दिली नाही. देवसिंग उमरखेडला गेले, मग आणखी कुठे, मग बढती. शेरा काढायचं दर वर्षी ठरायचं. एकदा अर्जसुद्धा लिहून झाला होता. पण त्या महिन्यात बढतीची यादी निघायची होती, आणि यादी निघाल्यावर तो अर्ज कुठे ठेवला ते आठवेना. आणि फुलचंद? ज्याच्यासाठी एवढं झालं त्याचं हॉटेल दोन वर्षांत बसलं. खोळंब्यात अडकलेला माणूस चहाला उतरत नाही, गाडी सोडली की जागा गेली. रस्त्यात दिवसभर माणसं उभी आणि ओट्यावर कुणी नाही. शेवटी त्यानं पत्रे उतरवले आणि तांड्यावर निघून गेला. जाताना भियाला सांगायलाही आला नाही.

“हे पाहा,” निशिगंधानं एक पान त्यांच्यापुढे धरलं. नव्या प्रस्तावाचं. ‘मागील त्रुटी’ असा मथळा आणि खाली नीट टाइप केलेलं: मोजणी कर्मचारी श्री. बळीराम मुनेश्वर यांच्या हातून चुकीच्या साखळीचा वापर झाल्याने. “तीन वाजता सही करून पाठवायचं आहे. वरचे म्हणे, नाव कायले टाकतेस, ‘तांत्रिक कारणामुळं’ लिही. मी म्हटलं नाही. माह्या बापाचं आहे म्हून लपवलं, असं उद्या कोणी म्हणू नये.”

“टाकू नको,” देवसिंग म्हणाले.

“काहून?”

“नको टाकू.”

“काका, तुमीबी तसेच. बाबानं स्वतः नाही लपवलं. मी शाळेत कंपास हरवला अन् मैत्रिणीचं नाव घेतलं, तर म्हणे, चूक झाली तं आपली म्हणावं, म्या साखळीची म्हटली का नाही? माहं एकेक खोटं त्या साखळीनं मोजलं त्यानं. मी इंजिनियर झाली तेच त्याच्यापायी. म्हटलं, बापाची चूक आपण दुरुस्त करू.” आणि ती हसली, जरा अभिमानानं.

देवसिंगांना वाटलं, उठावं. गुडघा होता, उन्हं होती, साडूची स्कूटी होती. पुलावर एसटी आणि ट्रक एकमेकांत अडकले होते आणि दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या नात्यागोत्याची चौकशी करत होते. एवढ्या गोंगाटात काही बोललं तर ऐकू न जाण्याची सोय होती. बहुधा म्हणूनच ते बोलले.

“साखळी तीसची होती.”

“काय?”

“तीसची. दोनदाच टाकली. हे हॉटेल वाचवायला.” ओट्यावर त्यांनी तळहात ठेवला, जणू पुरावा तोच होता. “बळीराम तीन म्हणत होता.”

ती आवाज चढवेल, रडेल, निदान उभी राहील, असं त्यांनी धरलं होतं. तिनं पुढे धरलेलं पान परत फाइलमध्ये लावलं. पुलावरचे ड्रायव्हर गाडीत जाऊन बसले, ट्रक मागे हटला, एसटी गेली, तिच्यामागून वीसेक दुचाक्या सांडल्यासारख्या निघून गेल्या.

“बाबा रविवारी विहारात पंचशील म्हणे,” ती हळू म्हणाली. “सगळ्यायसंगं. चौथ्यापाशी थांबे. चौथं म्हणजे, खोटं बोलणार नाही, ते. ते सोडून पाचवं म्हणे. मी लहान होती, मले वाटे इसरते. तं मी बाजूनं मोठ्यानं म्हणून त्याले आठवून द्यावं. लोक हसत. तोबी माह्याकडं पाहून हसे. पण म्हणे नाही.” तिनं स्कार्फ सोडला, पुन्हा बांधला. “शेवटपर्यंत नाही म्हटलं. आजारी होता तवाबी. अन् मी आठवून देत राह्यली, काका. पंचवीस वर्षं.”

शेऱ्याचं देवसिंगांना ठाऊक होतं, बदलीचं ठाऊक होतं, साखळी हातातून गेली तेही. एवढं आपल्या नावावर आहे असं त्यांनी कधीचं मनाशी धरलं होतं, आणि त्याची सवयही झाली होती. दर रविवारी एक वाक्य गिळणारा माणूस त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता. तो बळीराम त्यांना आता दिसला, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून. बाजूला सात वर्षांची मुलगी जोरजोरात त्याच्या वाटचं म्हणते आहे आणि तो तिच्याकडे कौतुकानं पाहतो आहे. आपण गेलो असतो, चौदा महिन्यांपूर्वी, नुसते जाऊन खाटेशी बसलो असतो. गुडघा तिथेही नेता आला असता.

“लिहून द्या,” निशिगंधा म्हणाली आणि फाइलमधून कोरा कागद काढला.

लिहिणं त्यांच्या हातातलं होतं. त्यांनी झरझर लिहिलं: ‘सदर कामाच्या आखणीच्या वेळी नकाशातील तीन साखळ्यांऐवजी दोनच साखळ्या घेण्यात आल्या. वापरलेली साखळी तीस मीटरचीच होती. याबाबत श्री. मुनेश्वर यांची कोणतीही चूक नव्हती.’ लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. अक्षर अजून चांगलं होतं. तारीख घातली, सही केली, आणि सहीखाली दोन रेघाही मारल्या.

तिनं वाचलं. “कोणी?”

“काय कोणी?”

“घेण्यात आल्या म्हणजे कोणी घेतल्या?”

“असं लिहायची पद्धत असते, बाळा.”

“पद्धत मले माहीत आहे. मीबी रोज तेच लिहिते. कोणी?”

कागद परत त्यांच्या गुडघ्यावर आला. त्यांचं अक्षर ऑफिसचं, कागद वाचवणारं. शब्दाला शब्द खेटून. ‘मी’ घालायला कुठे जागाच ठेवली नव्हती. त्यांनी दोन शब्दांच्या मधे खाली खूण केली आणि वर बारीक ‘मी’ लिहिलं. मग पुढचं जुळेना. ‘मी’ आल्यावर ‘घेण्यात आल्या’ उभं राहत नव्हतं. ते खोडलं. ‘घेतल्या’ लिहिलं. तेही खरं नव्हतं, साखळी बळीरामच्या हातात होती. तेही खोडलं, आणि समासात, आडवं, ‘घ्यायला लावल्या’ असं लिहिलं. चौतीस वर्षांत इतका घाण कागद त्यांच्या हातून गेला नव्हता.

“चालेल,” ती म्हणाली. “आता हे आईले सांगाले चला. मारेगावलेच आहे ती.”

मथुराबाई. भाकरीच्या फडक्यात साहेबांसाठी वेगळी चटणी बांधून देणारी. “तू वाचून दाखव ना,” ते म्हणाले.

“तिले हे नाही समजत. सदर काय अन् याबाबत काय. तिले कसं सांगसान ते म्हणून दाखवा.”

“इथे?”

“हो, इथंच. तिथं जाऊन अडकले तं?”

देवसिंग आड्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग पाहू नये असं वाटून तिच्याकडे पाहिलं. रुंद कपाळ, बारीक झालेले डोळे. “बाई,” ते म्हणाले, “साखळी तीसचीच होती. दोन घे म्हणून मीच म्हटलं.”

मोजायची सवय जात नाही. नऊ शब्द होते.

निशिगंधानं फाइल मिटून काखेत घेतली. “हं,” ती म्हणाली, “तिथंबी एवढंच म्हणा. सदर-फिदर लावू नका.”